नैसर्गिक सौंदर्यप्रसाधनांचा स्वतःचा ब्रँड: पुण्यात सुरुवात करणाऱ्या बायकांसाठी क्रमवार माहिती

घरी केलेलं उटणं किंवा केसांचं तेल शेजारणींनी मागून नेलं, की "विकायला का नाही काढत?" हे येतंच. मग बहुतेकजणी आधी नाव ठरवतात, मग लोगो, मग इन्स्टाग्रामचं पान. पुढे एखादा दुकानदार बाटली उलटी करून "एम.एल. नंबर कुठंय?", म्हणजे उत्पादनाच्या लायसन्सचा क्रमांक कुठंय, असं विचारतो आणि छापून आणलेली लेबलं कपाटात जाऊन पडतात. या लेखात क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय. आधी माल आणि लायसन्स, मग कागदपत्रं, नाव आणि डबी त्यानंतर.

मी केसांचं तेल, उटणं आणि कोकम बटरचा बाम विकते. तिन्ही गोष्टींत पाणी नाही, आणि हा योगायोग नाही. का ते दुसऱ्या पायरीत कळेल. सरकारी फी आणि कराचे दर बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या त्या पोर्टलवर आकडा पाहून घ्या.

१. तुमचा माल प्रसाधन आहे की औषध, हे ठरवा

सौंदर्यप्रसाधनांना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० लागू होतो आणि त्याखालचे कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०. आयुर्वेदिक उत्पादनाचं लायसन्स वेगळं, ते फॉर्म २५-डी मध्ये मिळतं. महाराष्ट्रात दोन्हींसाठी दार एकच, अन्न व औषध प्रशासन, म्हणजे आपण ज्याला एफडीए म्हणतो ते. पण अर्ज वेगळा, तपासणी वेगळी, जागेच्या अटी वेगळ्या.

गंमत अशी की तेल तेच असलं तरी तुम्ही त्याबद्दल काय म्हणता यावर त्याची जात ठरते. "केस मऊ राहतात, विंचरताना गुंता होत नाही" असं लिहिलंत तर ते प्रसाधन. "केस गळणं थांबतं, कोंडा बरा होतो" असं लिहिलंत की तुम्ही औषधाच्या हद्दीत गेलात. कुंकुमादी तेलाचं तर नावच ग्रंथोक्त आहे. ते करायचं तर आयुर्वेदिक लायसन्स असलेल्या उत्पादकाकडूनच.

इथे तीन गैरसमज सारखे ऐकू येतात.

"घरगुती आहे, थोडंच करते, मग लायसन्स कशाला?" प्रमाण कितीही असो, विक्रीसाठी प्रसाधन बनवायचं तर लायसन्स लागतं. तयार प्रसाधन नुसतं विकायला मात्र लागत नाही, आणि तिसऱ्या पायरीतला मार्ग यावरच उभा आहे.

"साबण यात येत नाही." येतो. पूर्वी कायद्याच्या व्याख्येतून साबण वगळलेला होता, १९८२ च्या दुरुस्तीनंतर तोही प्रसाधनच.

"माझ्याकडे एफएसएसएआय आहे." ते पापड-लोणच्यांचं. उटण्यात बेसन असलं तरी उटणं खायचं नाही, त्यामुळे तो नंबर पाकिटावर छापून उपयोग नाही. उलट तपासणीत तो पहिला नजरेत भरतो.

२. पाणी आहे की नाही, यावर पहिलं उत्पादन निवडा

मला कुणी एकच सल्ला विचारला तर हा देईन. पहिलं उत्पादन बिनपाण्याचं ठेवा: तेल, बाम, सुकं उटणं, शिकेकाईची पूड.

बुरशी आणि जिवाणूंना वाढायला पाणी लागतं. कोरफड जेल, गुलाबपाणी, क्रीम, लोशन, ओला फेसपॅक यांत ते भरपूर असतं. असा माल प्रिझर्व्हेटिव्हशिवाय पुण्याच्या जुलैमध्ये दुकानाच्या फळीवर टिकत नाही. डोळ्यांना बुरशी दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो, कारण जिवाणू त्याआधीच वाढलेले असतात आणि ते दिसत नाहीत. "आमच्या कोरफड जेलमध्ये एकही प्रिझर्व्हेटिव्ह नाही" हे वाक्य वाचलं की मला धडकी भरते.

व्हिटॅमिन ई घातलं की माल टिकतो, हेही अर्धंच खरं. ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतं. जंतूंशी त्याचा संबंध नाही. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही प्रिझर्व्हेटिव्ह नैसर्गिक ब्रँडवाल्यांना आवडतात, पण ती आम्ल मिश्रणातच काम करतात. पीएच (आम्लतेचं माप, आकडा वाढला की आम्लता कमी) साधारण साडेपाचच्या वर गेला की ती नुसतीच नावं यादीत राहतात. फिनॉक्सिइथेनॉल हे आणखी एक प्रिझर्व्हेटिव्ह १ टक्क्यापर्यंत वापरायला परवानगी आहे. पुढे कधी क्रीम काढलंत तर जे वापराल ते वापरा आणि यादीत सरळ छापा. गिऱ्हाईक त्यावर नाराज होतं असं मला तरी दिसलेलं नाही. लपवल्यावर मात्र होतं.

बिनपाण्याच्या मालाचीही दुखणी आहेतच. माका, ब्राह्मी किंवा जास्वंदीची ओली पानं-फुलं तेलात उकळलीत तर त्यांचं पाणी पूर्ण उडालं पाहिजे. जुनी परीक्षा आजही चालते. कापसाची छोटी वात करून तयार तेलात भिजवायची आणि चिमट्यात धरून पेटवायची. शांत जळली तर तेल झालं. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, कढई परत शेगडीवर. तळाशी बसलेला गाळ बोटांत चोळून त्याची गुळगुळीत वळी होते का, हेही पाहतात. ही परीक्षा घरच्या प्रयोगांसाठी. विक्रीच्या मालाला प्रयोगशाळेचा कागद लागतोच.

उटण्याचं तसं नाही. त्याचा शत्रू दमट हवा. वाळा, नागरमोथा, आंबेहळद, गव्हला कचोरा, संत्र्याची साल हे सगळं एप्रिल-मे महिन्यांतच वाळवून दळून घ्यायचं. दिवाळीचं उटणं ऑगस्टमध्ये दळायला काढलं की पूड गिरणीतूनच गोळे होऊन येते. शिवाय गिऱ्हाईक ओला हात बरणीत घालणार हे धरूनच चाला. एका अंघोळीपुरत्या पुड्या केल्या तर हा प्रश्न मिटतो, पॅकिंगचा खर्च मात्र वाढतो.

बामचं गणित तापमानाचं. कोकम बटर साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं आणि मे महिन्यात कुरिअरची गाडी त्याहून जास्त तापते. मेणाचं प्रमाण वाढवा किंवा उन्हाळ्यात बाम परगावी पाठवू नका. उलट खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. डिसेंबरात "तेलात काहीतरी पांढरं झालंय" असे फोन येणार. बाटलीवरच एक ओळ छापा: थंडीत गोठेल, कोमट पाण्यात ठेवा.

३. माल कुणाच्या लायसन्सवर बनणार?

तीन वाटा आहेत.

पहिली, स्वतःचं उत्पादन लायसन्स. अर्ज कॉस-५, लायसन्स कॉस-८. त्याला निवासी नसलेली, घराशी जोडलेलीही नसलेली जागा लागते. भिंती जमिनीपासून सहा फुटांपर्यंत गुळगुळीत आणि पाणी न मुरणाऱ्या, शिवाय फार्मसीचं किंवा रसायनशास्त्राचं शिक्षण असलेली तांत्रिक व्यक्ती. म्हणजे फ्लॅटचं स्वयंपाकघर, गच्चीवरची खोली, बंद केलेली बाल्कनी यांतलं काही चालत नाही. क्रीम, लोशन, शाम्पू, केसांचं तेल या गटासाठी २५ चौरस मीटर जागेची शिफारस आहे. साबणासाठी लहान प्रमाणातही १०० चौरस मीटर. हातानं केलेला साबण सगळ्यात सोपा म्हणून पुष्कळजणी त्यापासून सुरुवात करतात, आणि नेमका तोच जागेच्या हिशेबात सगळ्यात महाग पडतो. मी त्या वाटेला गेले नाही ते यामुळे.

दुसरी वाट लोन लायसन्सची. जागा आणि यंत्रं दुसऱ्या लायसन्सधारकाची, लायसन्स तुमच्या नावावर. अर्ज कॉस-६, लायसन्स कॉस-९.

तिसरी, थर्ड पार्टी. उत्पादक त्याच्या लायसन्सवर तुमचा माल बनवतो. लेबलवर उत्पादक म्हणून त्याचं नाव येतं, विपणन करणारी म्हणून तुमचं. सुरुवातीला हीच वाट धरा. मग विक्री वाढली की लोन लायसन्स, आणि स्वतःच्या युनिटचा विचार त्याहूनही नंतर.

भोसरी, चाकण, धायरी-नऱ्हे अशा लहान कारखान्यांच्या पट्ट्यांत चौकशी करा. फोनवर सगळेच "हो मॅडम, होऊन जाईल" म्हणतात. म्हणून युनिट स्वतः जाऊन पाहायचं आणि हे विचारायचं:

- लायसन्सची प्रत दाखवा, आणि त्यावरच्या उत्पादनांच्या यादीत माझा माल आहे का? नसेल तर मंजुरी कोण घेणार, खर्च कुणाचा?
- कमीत कमी किती नग? "५० किलो" म्हणाले तर १०० मिलिच्या बाटल्या अंदाजे पाचशे होतात. एवढ्या तुम्ही मुदतीच्या आत विकणार का?
- फॉर्म्युला कुणाचा? त्यांनी बसवला असेल तर उद्या उत्पादक बदलताना तो मला मिळेल का? हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर इथे फार भांडणं होतात.
- प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल मिळेल का, आणि बॅचमधला नमुना किती दिवस जपून ठेवता?
- कच्चा माल मी दिला तर चालेल का? (नैसर्गिक म्हणून विकायचं असेल तर हा प्रश्न महत्त्वाचा. काही ठिकाणी तुमच्या लाकडी घाण्याच्या तिळेलाऐवजी साधं तेल आणि मिनरल ऑइल कधी येतं ते कळतही नाही.)

युनिटमध्ये गेलात की कामगारांच्या डोक्यावर टोप्या आहेत का ते पाहाच, पण रिकाम्या बाटल्या कुठे ठेवल्यात तेही पाहा. उघड्या पोत्यात, धुळीत पडलेल्या असतील तर नमस्कार करून निघा.

४. कागदपत्रं

थर्ड पार्टीनं सुरुवात करणाऱ्या एकटीच्या मालकीच्या व्यवसायासाठी इतकं पुरतं:

- पॅन, आधार, फोटो
- जागेचा पुरावा: वीजबिल, मिळकतकर पावती किंवा भाडेकरार. बिल नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र
- शॉप अ‍ॅक्ट, म्हणजे दुकान व आस्थापना कायद्याखालची नोंद. कामगार मोजकेच असतील तर २०१७ च्या कायद्यानुसार फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते
- उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी)
- व्यवसायाच्या नावाचं चालू खातं
- जीएसटी, लागू असेल तर
- उत्पादकाशी करार आणि त्याच्या लायसन्सची प्रत

आता यातले खड्डे.

नावाचा घोळ सगळ्यात आधी सोडवा. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग, असं आपल्यापैकी बऱ्याचजणींचं असतं. उद्यम आणि जीएसटी पोर्टल दोन्ही नावं जुळवून बघतात आणि अर्ज तिथेच अडतो. आधी सगळीकडे एकच नाव करून घ्या. कुठलं ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे. गुगलवर शोधलं की सरकारी दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट वर येतात. पत्त्याच्या शेवटी gov.in असेल तरच पुढे जा.

मालक म्हणून खरोखर तुमचंच नाव घाला. "सध्या यांच्या नावावर काढू, कर्ज लवकर मिळेल" असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. महिला उद्योजकांसाठीच्या सवलती मात्र मालकी तुमची असेल तरच मिळतात, आणि मालकी नंतर बदलणं म्हणजे जवळजवळ नव्यानं सुरुवात.

आणि पत्ता. व्यवसायाचा पत्ता आणि ग्राहक सेवेचा फोन प्रत्येक बाटलीवर छापला जातो. राहत्या घराचा पत्ता आणि स्वतःचा नंबर शेकडो अनोळखी लोकांच्या न्हाणीघरात जाणार, याचा विचार करा. वेगळं सिमकार्ड घेणं अगदी सोपं. जमलं तर भाड्याचं छोटं ऑफिस किंवा को-वर्किंगचा पत्ता घ्या आणि शॉप अ‍ॅक्टही त्यावरच काढा.

जीएसटीचं थोडक्यात: फक्त महाराष्ट्रात माल विकत असाल तर वार्षिक उलाढाल ४० लाखांवर गेल्यावर नोंदणी लागते. परराज्यात एक जरी पार्सल विकलंत तर ही सूट उरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचं तेल, शाम्पू, अंघोळीच्या साबणाच्या वड्या, टाल्कम आणि फेस पावडर ५ टक्क्यांत आल्या. क्रीम, बाम यांच्यावर १८ टक्केच आहे. उत्पादनाचा एचएसएन क्रमांक, म्हणजे ज्यावरून कराचा दर ठरतो तो, सीएकडून लेखी घ्या.

५. नाव

आता नावाकडे वळायला हरकत नाही. ट्रेडमार्कच्या वर्गवारीत प्रसाधनं वर्ग ३ मध्ये येतात, औषधी उत्पादनं वर्ग ५ मध्ये. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट शोध घेता येतो. नाव देवनागरीत, रोमनमध्ये आणि उच्चाराच्या जवळच्या स्पेलिंगांनी शोधा. "निसर्ग", "हर्बल", "शुद्ध" असले वर्णन करणारे शब्द एकटे नोंदवून मिळणं अवघड, आणि मिळालेच तरी त्याच नावाचे दहाजण आजूबाजूला असतात.

ऑनलाइन अर्जाची फी व्यक्ती आणि उद्यम असलेल्या लहान उद्योगांना एका वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. एजंट त्याची फी वेगळी घेतो. सरकारी फी किती आणि त्याची किती हे सुटं लिहून मागा. अर्ज केल्या दिवसापासून नावापुढे टीएम (ट्रेडमार्क) लिहिता येतं. गोलातला आर (®, म्हणजे नोंदणी झालेलं) मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच. ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये नाव प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी चार महिने असतात, त्यामुळे घाई करून काही होत नाही.

६. कच्चा माल

बाटल्या, डब्या, झाकणं रविवार पेठेत आणि बोहरी आळीत मिळतात. थोड्या नगांत आणि हातात धरून बघता येतात, म्हणून सुरुवातीला ऑनलाइनपेक्षा तिथेच जा. झाकण लावून तेल भरलेली बाटली रात्रभर आडवी ठेवून पाहायची. गळकं झाकण हे परतीच्या पार्सलांचं मोठं कारण आहे.

काष्ठौषधी मंडईच्या आसपासच्या दुकानांत सहज मिळतात, पण पूड घेऊ नका, अख्खी घ्या. नागरमोथा अख्खा असला तर ओळखता येतो. पुडीत काय दळलंय ते देवाला ठाऊक. मोठ्या प्रमाणात घेण्याआधी वनस्पतीची ओळख पक्की करायची तर पुण्यात दोन ठिकाणं आहेत: आघारकर संशोधन संस्था आणि कोरेगाव रोडवरचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र. ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी ही वेगळीच वनस्पती हातात पडणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

सुगंधी तेलं जपून. चेहऱ्यावर राहणाऱ्या मालात १ टक्क्याच्या आतच ठेवा. लिंबाचं आणि बर्गमॉटचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. नैसर्गिक आहे म्हणून सौम्य आहे असं नसतं, बिब्बाही नैसर्गिकच.

७. तपासण्या

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून निदान हे करून घ्या: जिवाणू-बुरशीची मोजणी, जड धातू, पीएच (पाणी असलेल्या मालाला) आणि टिकाऊपणा. प्रसाधनाच्या रंगांत शिसं २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) आणि आर्सेनिक २ पीपीएमच्या वर चालत नाही. मुलतानी माती, गेरू, वनस्पतींच्या पुडी यांत धातू मातीतूनच येतात, म्हणून उटण्याला ही तपासणी सोडू नका. टिकाऊपणासाठी नमुना ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत काही महिने ठेवतात. "दोन वर्षं टिकतं" हे त्या अहवालावरून छापायचं, अंदाजानं नाही.

घरच्यांवर करून पाहिलं ही तपासणी नव्हे. आई आणि नणंद कधी वाईट सांगत नाहीत.

८. लेबल

दुकानदार आणि अधिकारी दोघंही पहिल्यांदा इथेच बघतात. बाटलीवर हे सगळं हवं:

- उत्पादनाचं नाव, उत्पादकाचं नाव आणि पत्ता, लायसन्स क्रमांक
- बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना-वर्ष, मुदत
- घटकांची यादी, वजनाच्या उतरत्या क्रमानं. १ टक्का किंवा त्याखालचे घटक शेवटी कुठल्याही क्रमानं
- निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसह एमआरपी, प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलि किंमत
- ग्राहक सेवेचं नाव, पत्ता, फोन, ईमेल
- वापराची पद्धत आणि लागू असेल ती सावधगिरी
- ठिपका छापत असाल तर शाकाहारीला हिरवा, मांसाहारीला तांबडा किंवा तपकिरी

आपल्यासाठी खास सापळा असा की वजनमापाच्या नियमांनुसार ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागते. मराठी त्याच्या जोडीला कितीही छापा, पण फक्त मराठीवर भागत नाही. पुढच्या बाजूला मराठी नाव आणि दोन ओळी, मागे इंग्रजी तपशील, अशी मांडणी बरी पडते.

वजनमाप विभागाकडे पॅकिंग करणाऱ्याची नोंदणी लागते, फी ५०० रुपये आणि मुदत काम सुरू केल्यापासून ९० दिवस. थर्ड पार्टी पॅक करून देत असेल तर त्याची नोंदणी पाहून घ्या. स्वतः भरायला घेतलंत, म्हणजे मोठ्या डब्यातून छोट्या बाटल्या, की जबाबदारी तुमची. आणि तसं करणंही घरी नाहीच.

दाव्यांबद्दल हात आखडता घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हरित दाव्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. "नैसर्गिक", "ऑरगॅनिक", "इको-फ्रेंडली" असं मोघम लिहून सोडता येत नाही, कशाच्या आधारावर ते सांगावं लागतं. "९८ टक्के घटक वनस्पतिजन्य" असं लिहा आणि हिशेबाचा कागद फायलीत ठेवा. कोड बरं करण्याचे दावे चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यापर्यंत नेऊ शकतात. "प्राण्यांवर चाचणी केलेली नाही" हे मोठ्या अक्षरांत मिरवण्यातही अर्थ नाही. भारतात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी २०१४ पासून सगळ्यांनाच बंद आहे.

पहिल्या खेपेला लेबलं थोडीच छापा. उत्पादक बदलला की पत्ता आणि लायसन्स क्रमांक बदलतो आणि उरलेली सगळी रद्दी होते.

९. किंमत

कच्च्या मालाची दुप्पट म्हणजे किंमत, हा हिशेब आधी डोक्यातून काढा. उदाहरणादाखल १०० मिलि तेलाची बाटली घेऊ. तेल आणि वनस्पती ६५ रुपये, बाटली-झाकण-लेबल-खोकं ३५, बनवणावळ २०, तपासणीचा वाटा १०. झाले १३०. फुटलेल्या बाटल्या, नमुने, टेम्पो यांचे २५ धरा, म्हणजे १५५.

एमआरपी ४०० ठेवली. दुकानदारानं ३५ टक्के घेतले, म्हणजे १४० गेले. उरले २६०, त्यात ५ टक्के जीएसटी आहे, तो काढून साधारण २४८. खर्च वजा जाता हातात ९३. यातून जाहिरात, भाडं आणि तुमचा स्वतःचा पगार. हो, पगार धरायचा. "माझा वेळ काय, घरीच तर असते" असं म्हणून किंमत ठरवलीत तर पहिली मदतनीस ठेवाल त्या दिवशी धंदा तोट्यात जाईल.

थेट विक्रीतून जास्त सुटतं, म्हणून दुकानाची आणि थेट विक्रीची किंमत वेगळी करायचा मोह होतो. करू नका. दुकानदाराला कळतं आणि तो फळी रिकामी करतो.

१०. भांडवल

मुद्रा कर्ज विनातारण: शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तेल-उटण्यापुरतं सुरू करायला शिशू किंवा किशोर पुरतं. बँकेत फक्त "मुद्रा हवंय" म्हणू नका. उत्पादकाचं कोटेशन, वरच्यासारखा एका नगाचा हिशेब आणि सहा महिन्यांच्या विक्रीचा अंदाज घेऊन जा. पुण्यात भगिनी निवेदिता ही महिलांची सहकारी बँक १९७४ पासून आहे, तिथेही चौकशी करून पाहा.

स्वतःचं युनिट उभारायचं असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम बघा. उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, महिलांना शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान, स्वतःचे ५ टक्के. अट अशी की युनिट नवीन हवं. आधी सुरू करून मग अर्ज केलात तर नाकारतात. शिवाजीनगरच्या जिल्हा उद्योग केंद्रात याची माहिती मिळते. महिला स्टार्टअपसाठी राज्याची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाची योजना आहे, पण तिला केंद्राची स्टार्टअप मान्यता लागते आणि ती एकटीच्या मालकीच्या व्यवसायाला मिळत नाही. तेव्हा ते पुढचं.

प्रकल्प अहवाल करून देतो म्हणून आगाऊ मोठी रक्कम मागणारे, "अनुदान मंजूर करून देतो" म्हणणारे भेटतील. एकानं मला मंजुरीसाठी द्यायचा टक्का सांगितला होता. योजनेत असा कुठलाही टक्का नसतो. मराठा चेंबर आणि दे आसरा फाउंडेशन या पुण्यातल्याच संस्था आहेत, लहान उद्योगांना मार्गदर्शन करतात. एजंटच्या आधी तिथे विचारा.

११. पहिली विक्री

प्रदर्शनं, सोसायटीतले स्टॉल आणि डिसेंबरातली भीमथडी जत्रा यांतून जे शिकायला मिळतं ते जाहिरातीतून नाही. स्टॉलवर बाई झाकण उघडते, वास घेते, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब चोळते आणि मग किंमत न विचारता बाटली उलटी करून मुदत बघते. ती अक्षरं बारीक असतील तर तिथेच बाटली खाली ठेवते. चष्म्याशिवाय वाचता येईल इतका मोठा टाइप ठेवा.

स्टॉल घेण्याआधी भाड्याला एका नगाच्या नफ्यानं भागा. तेवढे नग रोज विकले जातील का, हे स्वतःला विचारा. चाचणीसाठी उघडलेल्या बाटलीवर "नमुना" लिहा आणि काडीनं द्या, बोट घालू देऊ नका.

उटण्याचा वर्षाचा हिशेब दिवाळीवर ठरतो. एप्रिल-मे महिन्यांत कच्चा माल आणि दळण, जूनपर्यंत तपासणी, ऑगस्टमध्ये पाकिटं तयार, गणपतीनंतर दुकानदारांना नमुने. नरक चतुर्दशीला आठवडा उरला असताना माल घेऊन गेलात तर फळीवर जागाच नसते. आणि दुकानदारानं "विकलं तर पैसे" म्हटलं, तर किती नग दिले त्याची सही घ्या आणि उरलेला माल पाडव्यानंतर लगेच परत आणा.

प्रत्येक बॅचच्या दोन सीलबंद बाटल्या, त्या बॅचचा अहवाल आणि ती कुठे-कुठे गेली त्याची वही, हे मुदत संपेपर्यंत जपून ठेवा. कुणाला पुरळ आली, वास बदलला, अशी तक्रार आली तर आधी बॅच नंबर विचारा, पैसे परत करा आणि वाद न घालता ती बाटली मागवून घ्या. त्याच बॅचची दुसरी तक्रार आली तर दुकानांतून ती बॅच त्याच दिवशी उचला, उत्पादकाला लेखी कळवा आणि जपून ठेवलेल्या दोन बाटल्यांपैकी एक प्रयोगशाळेत पाठवा. दुसरी तुमच्याजवळच राहू द्या.